बोकडाचं दिल, नळ्यांसकट

प्राणिशास्त्रात मला शंभरपैकी एकोणीस मार्क पडले. पुढच्या आयुष्यात बरे आकडेही वाट्याला आले, पण ते सांगायचे तर मला कागद काढून बघावे लागतात. एकोणीस मात्र झोपेतून उठवून विचारा. फिजिक्समध्ये चौतीस होते, म्हणजे तिथे मी एका मार्कानं हुकलेली विदुषीच म्हणायची. जालन्याच्या कॉलेजात निकालाच्या बोर्डासमोर मी उभी होते आणि माझ्यामागे उभा असलेला एक वर्गमित्र, कापडवाल्याचा मुलगा, माझ्या खांद्यावरून वाचून म्हणाला, "तुला काय फिकीर? तुमच्यासाठी सवलत असते." मी म्हटलं, "बाबा रे, सवलतीलासुद्धा आधी पास व्हावं लागतं." तो हसला, मीपण हसले, आणि मग मुतारीमागच्या भिंतीशी जाऊन पोटभर रडले. तेव्हा मेडिकलचा रस्ता कॉलेजच्या त्या एका वर्षाच्या मार्कांवरून जायचा. त्या रस्त्यावर मी पहिल्याच वळणावर खड्ड्यात पडले होते. प्राणिशास्त्राच्या सरांनी मला बोलावून अतिशय प्रेमानं सल्ला दिला, "तू आर्ट्सला जा. मराठी बरं आहे तुझं." हे प्रकरण वाचून कोणाला सरांचं म्हणणं बरोबर वाटलं, तर कृपया मला कळवू नका.

एसटीनं हसनाबादला घरी आले. आमचं घर गावाच्या कडेला, विहाराला लागून. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते प्राथमिक शाळेत मास्तर होते, आमच्या वस्तीतले पहिले. मी सातवीत असताना त्यांनी विहारातल्या बैठकीत जाहीर करून टाकलं होतं, की आमची विमल डॉक्टर होणार. तेव्हापासून गाव मला डाक्टरीनबाई म्हणायचं. त्यात थट्टा किती आणि विश्वास किती हे मला कधी कळलं नाही, पण सुट्टीत घरी आले की दारात दोन-तीन माणसं तरी येऊन बसायची. कोणाची पाठ, कोणाचा कान, कोणाच्या म्हशीचं थान. त्या दिवशीही शेजारचे लक्ष्मणनाना मांडीवरचं गळू घेऊन आलेच होते. दादांनी निकाल वाचला. घडी घालून खिशात ठेवला. ओरडले नाहीत, काही नाही. माझ्या पिशवीतून त्यांनी प्राणिशास्त्राचं पुस्तक काढलं आणि म्हणाले, "म्हण."

मला सगळं पुस्तक पाठ होतं, हीच तर गंमत. मराठी शाळेतून आलेली मी, इंग्रजीतलं एक वाक्य धड कळायचं नाही, म्हणून मी सरळ घोकून काढलं होतं, जसं विहारातली म्हातारी माणसं पाली वंदना म्हणतात, अर्थाच्या फंदात न पडता. मी डोळे मिटून सुरू केलं. गांडुळाचं तोंड, गांडुळाची अन्ननलिका, गांडुळाचं जठर. दादांचं बोट ओळीओळीवरून सरकत होतं. लक्ष्मणनाना गळू विसरून तोंड उघडं टाकून ऐकत होते. इंग्रजीचा असा धबधबा त्यांनी कलेक्टर आला तेव्हासुद्धा ऐकला नव्हता. आणि मग दादांचं बोट थांबलं. त्यांनी पान उलटलं, परत मागे उलटलं.

"इथं एकशे बारा हाय," ते म्हणाले. "अन् ह्याच्या पुढं एकशे सत्तावीस."

पुस्तक मी जुनं घेतलं होतं. मधली चौदा पानं कोणीतरी फाडून नेली होती. त्या चौदा पानांत गांडूळ संपत होतं, झुरळ येऊन जात होतं आणि बेडूक अर्धा होत होता. मी मात्र एका श्वासात पाठ केलं होतं, आणि परीक्षेतही तसंच लिहून आले होते: गांडुळानं गिळलेली माती जठरातून निघून थेट बेडकाच्या मूत्रपिंडात पोचली होती. तपासणाऱ्यानं एकोणीस तरी कशाचे दिले हा प्रश्न मला अजून पडतो. बहुधा अक्षराचे.

दादांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "मार्काचं जाऊ दे. पण पानं गेल्ती हे तुला सालभरात कळलं न्हाई?" 

मास्तर माणूस, पोर नापास होणं त्यांनी रोज पाहिलं होतं. पण पोर वर्षभर वाचतं आणि त्याला एक अक्षर कळत नाही, आणि ती पोर आपली आहे, हे त्यांना सोसेना. ते उठून शाळेकडे निघून गेले, सुट्टी असताना. चुलीपाशी बसलेली माय तेवढी शांत होती. भाकरी थापता थापता म्हणाली, "एवढं काय झालं मंग? गांडूळ काय न् बेडूक काय, दोघंबी चिखलातलेच." लक्ष्मणनाना म्हणाले, "ते बराबर हाय. पन माझ्या गळवाचं काय?" मायनं त्यांना कांदा भाजून बांधायला सांगितला. आमच्या घरात त्या वेळी डॉक्टरी एवढी एकच चालत होती, आणि तिला गुण यायचा.

दोन दिवसांनी दादांनी निर्णय सांगितला. त्याच वर्गात पुन्हा बसायचं, एक साल. जमलं तर जमलं, नाही तर मास्तरकीचा कोर्स करून शाळेत लागायचं. केदारखेड्याहून एक स्थळ येऊन राहिलं होतं, त्यांना वर्षभर थांबायला सांगितलं. ती माणसं थांबली नाहीत, त्यांच्या मुलानं दुसरीकडे लग्न केलं आणि पुढे तो मला एकदा दवाखान्यात भेटला, चार मुलांचा बाप. माझ्याकडे बघून त्यानं जो सुस्कारा सोडला, तो सुटकेचा होता अशी माझी खात्री आहे.

जालन्यात मी मावशीकडे राहायचे. गोदामावशी मायची धाकटी बहीण. ती डाळमिलमध्ये तूर पाखडायला जायची आणि मावसा मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पोती उचलायचा. मिलच्या मागच्या भिंतीला टेकून खोल्यांची एक रांग होती, त्यातली एक खोली आमची. सकाळी मशीन सुरू झालं की फळीवरची ताटं थरथरायची आणि आपोआप कडेकडे सरकायची. मावशी येता-जाता त्यांना न बघता मागे ढकलायची, बाकीच्या बायका पदर सारखा करतात तशी. मशीन बंद पडलं तर त्या शांततेनं आम्ही दचकायचो. सगळ्यावर पिवळी भुकटी. केसांत, गादीवर, पाण्याच्या माठाच्या झाकणीवर. माझ्या वह्यांची पानंसुद्धा पिवळट झाली होती, आणि कॉलेजात मुली माझ्या शेजारी बसून हळूच विचारायच्या, "तू हळद लावतेस का गं?" जेवायला भाकरी आणि तुरीच्या चुरीचं वरण, वर लसणाचा ठेचा. आजही कोणी साजूक तुपाच्या वरणाचं कौतुक करायला लागलं की मला त्याची दया येते.

मावशीला मूल नव्हतं. म्हणजे झालं होतं, एक मुलगा, दोन वर्षांचा होऊन गेला. त्याविषयी घरात कोणी बोलायचं नाही. मावशी तोंडाची फटकळ, मिलच्या मुकादमालासुद्धा ती अरे-तुरे करायची. मी नापास होऊन परत आले तेव्हा तिनं मला आत घेतलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "हे बघ. मला तुझ्या दादासारखं वाचता येत न्हाई. म्हून तू रोज जे शिकली ते संध्याकाळी मला सांगायचं. मला समजलं तर तुला समजलं. मला न्हाई समजलं तर तू परत सांगायचं. बिलकुल सुट्टी न्हाई."

मला वाटलं, बोलण्याची एक पद्धत असते तसं बोलते आहे. पण पहिल्याच संध्याकाळी पीठ मळता मळता ती म्हणाली, "हां, बोल." मी बेडकाची पचनसंस्था सुरू केली. दोन वाक्यांतच तिनं अडवलं. "पित्त कशाला लागतं त्याला?" मला माहीत नव्हतं. "पुस्तकात न्हाई?" पुस्तकात असेल, पण ते इंग्रजीत होतं आणि मी ते पाठ केलं होतं, वाचलं नव्हतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा डिक्शनरी घेऊन एकेक शब्द सोडवत बसले, जशी मावशी सुपातून खडे वेचायची. तीन ओळींना एक तास लागला. पण पित्त कशाला लागतं ते कळलं, आणि मावशीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजी साबण. तेलाचं भांडं धुवायला लागतो तसा." इतकी वर्षं झाली, विद्यार्थ्यांना शिकवताना मी हेच सांगत आले. कोणाचं वाक्य आहे हे मात्र कधी सांगितलं नाही, ते आज सांगते.

असं ते चालू झालं. मावसा बिचारा थकून यायचा आणि पालथा पडायचा. मी त्याच्या पाठीवर खडूनं मणके मोजून खुणा करायचे आणि मावशी बेडकाच्या मणक्यांशी ताडून बघायची. "बेडकाला नऊच? मंग तो पोतं कसं उचलन?" मावसा झोपेत म्हणायचा, "त्याला कोण उचलायला लावतंय." सकाळी तो खडूच्या खुणांसकट मोंढ्यात जायचा आणि तिथले हमाल त्याला विचारायचे, "काय, मोजमाप घेतलं का तुमचं?" फिजिक्ससाठी असा कोणी मिळाला नाही, पण समजल्याशिवाय पुढे जायचं नाही ही खोड लागली ती लागलीच. वर्गात मी प्रश्न विचारायला लागले. ज्या सरांनी मला आर्ट्सला जायला सांगितलं होतं, त्यांनाही विचारायचे, आणि कधीकधी त्यांचा चेहरा माझ्या जुन्या चेहऱ्यासारखा व्हायचा.

अडकले ते हृदयाशी. चित्र काढता यायचं, नावं घोकता यायची, पण रक्त इकडून येतं, तिकडे जातं, परत येतं, परत जातं, यात मी दर वेळी वाट चुकायचे. "बेडकाच्या हृदयाला तीन खोल्या असतात," मी मावशीला सांगितलं, "आपल्याला चार." मावशीनं आमच्या खोलीभर नजर फिरवली. "बेडकाला तीन, अन् आपल्याला एक," ती म्हणाली. पण पुढचं तिला समजेना. मी जमिनीवर खडूनं काढलं, तीनदा पुसलं, चौथ्यांदा काढलं. शेवटी ती वैतागून म्हणाली, "चित्रानं होत न्हाई हे. खरं आणू."

रविवारी सकाळी आम्ही दोघी मटणाच्या दुकानात गेलो. दुकानात काळीज मागितलं की कलेजी देतात. कवितेतलं काळीज पाहिजे असेल तर तिथे दिल मागावं लागतं, एवढी भाषेची अक्कल मला त्या दिवशी आली. मावशी म्हणाली, "बोकडाचं दिल द्या. नळ्यांसकट. अन् चीर नका देऊ." खाटीक म्हातारा होता, हैदराबादी टोपीवाला. तो म्हणाला, "नळ्या कोन खाते, मावशी?" मावशी म्हणाली, "खायला न्हाई. पोरगी डाक्टरी शिकून राह्यली." म्हाताऱ्यानं सुरी खाली ठेवली. "पढाई के वास्ते? मंग हे नको," असं म्हणून त्यानं कापायला घेतलेलं बाजूला सारलं आणि आतून दुसरं आणलं, नळ्या लांब ठेवून, काही न चिरता. रद्दीत न बांधता केळीच्या पानात बांधून दिलं. आमच्या मागे रांगेत उभं असलेलं एक गिऱ्हाईक म्हणालं, मग मला पण चांगलंच द्या, मी काय अडाणी आहे का?

घरी आल्यावर परातीत ते ठेवलं. मिलला सुट्टी होती, म्हणून सगळं विचित्र शांत. मावशीनं चहाची किटली पाण्यानं भरली आणि मी तिचं तोंड वरच्या मोठ्या शिरेत घातलं. पाणी ओतलं. उजवी बाजू फुगली, आणि दुसऱ्याच नळीतून, जिथून यावं असं पुस्तक म्हणत होतं बरोबर तिथूनच, पाणी बाहेर आलं. फुप्फुसाची नळी. मग जाड नळीतून उलटं ओतलं. पाणी आत जाईना, वरच तुंबून राहिलं. झडपा मिटल्या होत्या. मी किंचाळलेच असणार, कारण शेजारची बाई धावत आली, परातीत डोकावली आणि नाक दाबून परत गेली. मग मी ब्लेडनं ते उघडलं. चार खोल्या, मध्ये भिंत. आत दोऱ्यांसारखे तंतू, झडपांना धरून ठेवणारे. पुस्तकातली सगळी मेलेली नावं एकेक करून जागेवर जाऊन बसली.

मावशी परातीवर वाकली. तिनं बोट पुढे केलं आणि मधल्या भिंतीवर ठेवलं.

"ही कशाची भिंत?"

मी सांगितलं. एका बाजूला वापरलेलं रक्त, एका बाजूला साफ. दोन्ही मिसळू नयेत म्हणून.

"हिलाच भोक पडतं?"

मी तिच्याकडे बघितलं.

"माझ्या प्रकाशच्या दिलात भोक हाय म्हन्ले होते," ती म्हणाली. "मोठ्या दवाखान्यात. ओठ निळे पडायचे त्याचे. डाक्टर बोलून गेला अन् दुसऱ्या पलंगाकडं गेला. भोक म्हंजी काय, कुठं, मला कोनी दावलं न्हाई. मला वाटायचं, काळजातून रक्त बाहेर सांडतं. मी त्याची छाती दाबून धरायची." ती बोट काढत नव्हती. "सासू म्हन्ली, तू गरवार असताना गिरान लागलं तवा विळीवर भाजी चिरली, म्हून. चिरली होती मी. मेथी. विळीनं पडतं का गं हे?"

आम्ही देव सोडून वर्षं झाली होती, पण ग्रहण काही आम्हाला सोडायला तयार नव्हतं.

"न्हाई मावशी," मी म्हटलं. "बिलकुल न्हाई."

आता खरं सांगते. मला माहीत नव्हतं. विळीनं पडत नाही एवढं डोकं मला होतं, पण मग कशानं पडतं हे मला अजिबात माहीत नव्हतं, आणि मावशी लगेच तेच विचारणार हेही मला माहीत होतं. तिनं विचारलंच. मी म्हटलं, उद्या सांगते. ती परातीकडे बघत बसली. मग नाक पुसून म्हणाली, "हे आता पुरायचं का शिजवायचं?" मावसा दारातून म्हणाला, "पुरायचं म्हंजी? चांगलं ताजं हाय." मग आम्ही ते शिजवलं. तिखट जरा जास्त पडलं होतं, त्यामुळे तिघांच्याही डोळ्यांतून पाणी आलं आणि कोणी कोणाला काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या ग्रंथालयात गेले. अभ्यासक्रमात नसलेलं जाड पुस्तक मागितलं तर ग्रंथपालांनी ते देण्याआधी चष्मा काढून मला नीट पाहिलं. तीन दिवस डिक्शनरी घेऊन बसले. मार्कांसाठी नाही, परीक्षेत येणार म्हणून नाही. मावशी विचारेल म्हणून. ती भिंत पोटात असतानाच, आईला धड दिवस गेलेले कळतात-न कळतात तेव्हाच, दोन्हीकडून वाढत येते आणि जुळते, आणि एखाद्या वेळी पुरती जुळत नाही. कोणाच्या हातून काही होऊन नव्हे. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी हे मावशीला सांगितलं. तिनं परत सांगायला लावलं. मग तिसऱ्यांदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "समजलं," आणि भाकरी उलटली.

वर्षाच्या शेवटी तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते, पांढरे कपडे, कपाळावर गंध. त्यांनी हृदय विचारलं. मी इंग्रजीत सुरुवात केली, अडखळले, तर म्हणाले, मराठीत सांग. मग मी मावशीला सांगायचे तसंच सांगितलं, किटलीसकट. मधल्या भिंतीवर आले आणि न विचारता भोकापर्यंत गेले. ते खुर्चीत पुढे सरकले.

"हे अभ्यासक्रमात नाही. कुठे वाचलंस?"

मी पुस्तकाचं नाव सांगितलं.

"आणि हृदय पाहिलंस कुठे? कॉलेजात?"

"मटणाच्या दुकानात, सर. मग घरी उघडून बघितलं."

"मग?"

"मग खाल्लं, सर."

त्यांनी पेन खाली ठेवलं, थोडं पाणी प्यायले, आणि मला जायला सांगितलं. मार्क भरपूर दिले. शाकाहारी माणसाचा न्याय फार स्वच्छ असतो, असं मी तेव्हापासून मानते.

औरंगाबादला यादी लागली त्यात माझं नाव होतं. सवलतीच्या यादीत. मला त्याची तेव्हा लाज वाटली नाही आणि आता तर बिलकुल वाटत नाही. तो कापडवाल्याचा मुलगा पुढे बापाच्या देणगीवर दुसऱ्या राज्यात डॉक्टर झाला. त्याला कोणी सवलत म्हणत नाही, वडिलांची पुण्याई म्हणतात. मी यादीत नाव चार वेळा वाचलं, आडनाव माझंच आहे ना ते बोट लावून बघितलं, आणि पॅसेंजर पकडून जालन्याला आले. हसनाबादची एसटी उभी होती, दादा वाट बघत असणार हे कळत होतं, तरी मी स्टेशनवरून सरळ डाळमिलमध्ये गेले.

आत मशीनचा नुसता कहर. डोंगरासारखी तूर, पिवळा धूर, आणि त्यात ओळीनं बसलेल्या बायका, सगळ्यांच्या तोंडाला पदर बांधलेले. मावशी डोळ्यांवरून ओळखली. मी ओरडले, "मावशी, नंबर लागला!"

"काय?"

"नंबर लागला!"

"कशाचा? रॉकेलचा?" ती ओरडली. "मंग डबा घे अन् जा जल्दी!"

"रॉकेलचा न्हाई! डाक्टरीचा!"

तिचं सूप हातातच राहिलं. मग ते तिनं हळूच खाली ठेवलं, एक दाणा न सांडता, आणि तुरीच्या ढिगाऱ्यावर मागे टेकून बसली. मुकादमानं लांबून बघितलं आणि मशीन बंद करायला लावून तावातावानं आला. "ए गोदा, बसायला आली का इथं?"

"बसू दे रे जरा," मावशी म्हणाली. "माझ्या पोरीचा नंबर लागला."

"रॉकेलचा?"

"डाक्टर होनार हाय ती. गप."

मुकादमानं मला खालून वर बघितलं. मग शर्टाची बाही गुंडाळली आणि कोपराजवळची लिंबाएवढी गाठ माझ्यापुढे धरली. "हे काय असन, बाई? दोन सालापासून हाय."

मी म्हटलं, "मला माहीत न्हाई. पाच वर्षं थांबावं लागंल."

त्यानं गाठ एकदा दाबून बघितली. "थांबतो की," तो म्हणाला, बाही खाली केली आणि मशीन सुरू करायला गेला.